लाल लाईटखाली झोपून अंगातलं फवारणीचं औषध निघतं का?

पत्र असं आहे (नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून छापत नाही, थोडं कमी केलंय):

"ताई, नमस्कार. आम्ही पिंपळगाव बसवंतकडचे, तीन एकर द्राक्षबाग आहे. ब्लोअर (फवारणीचं मशीन) मिस्टर स्वतः चालवतात, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) याला मी बायकांबरोबर असतेच. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डावणीच्या (बुरशीचा रोग) भीतीनं फवारण्या एवढ्या झाल्या की कपड्यांना, अंथरुणाला, सगळ्याला औषधाचा वास. तेव्हापासून मला थकवा आहे, जिना चढले तरी धाप लागते, हातावर आणि मानेवर पुरळ येतं. नणंदबाई नाशिकला कॉलेज रोडला राहतात, त्यांनी मला त्यांच्या वेलनेस सेंटरला नेलं. तिथे लाल लाईटच्या बेडवर वीस मिनिटं झोपवतात, मग पाय कोमट पाण्याच्या मशीनमध्ये ठेवायचे. माझं पाणी चॉकलेटी झालं, वर फेस. मॅडम म्हणाल्या, बघा किती केमिकल साठलंय. लाल लाईटनं पेशी मोकळ्या होतात आणि विष सुटतं म्हणे. मी विचारलं लाईटनं कसं काय, तर म्हणाल्या, बाळाला कावीळ झाली की लाईटखालीच ठेवतात ना, तसंच हे. आणि माझ्या धाकट्याला खरंच ठेवलं होतं, कावीळ उतरली, म्हणून मला पटलं. दहा सेशनचे अठरा हजार. नणंदबाईंनी दोन हजार ॲडव्हान्स भरलाय. मिस्टरांनाही आणा म्हणतात, फक्त सेशन चालू असेपर्यंत त्यांची बीपीची गोळी बंद ठेवायची. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात. पण मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं. काय करू?"

नमस्कार ताई. तुम्ही जी गोष्ट जाता जाता लिहिलीत तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं पैशाचं आहे आणि ही जिवाची गोष्ट आहे. मिस्टरांची बीपीची गोळी एक दिवससुद्धा बंद करायची नाही. कोणती गोळी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशातली असेल तर ती अचानक सोडल्यावर बीपी उसळतं, धडधड होते, छातीत दुखतं, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. दुसरी कुठली असली तरी काही दिवसांत बीपी परत जिथल्या तिथे. आणि लाल लाईटचं नि बीपीच्या गोळीचं असं काय वाकडं आहे की ती बंद करावी लागते? ज्या ठिकाणी डॉक्टरनं चालू केलेली गोळी सेंटरवाली मॅडम परस्पर बंद करते, तिथलं पुढचं काही ऐकायची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत. पण तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्या मॅडमनी दिलेलं उदाहरण तर त्याहून चांगलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. लाल लाईटनं अंगातलं फवारणीचं औषध निघत नाही. थोडं निघतं, हळूहळू निघतं, दहा सेशननंतर निघतं, असलं काही नाही. नाहीच निघत.

आता बाळाच्या काविळीचं. ते उदाहरण खोटं नाहीये बरं का. लाईटमुळे शरीरातली नको असलेली वस्तू खरोखर बाहेर जाते, याचं डॉक्टरी जगातलं ते सगळ्यात पक्कं उदाहरण आहे. पण ते नीट बघितलं की मॅडमच्याच विरोधात जातं. इंग्लंडमध्ये एसेक्सला रॉचफर्ड नावाचं हॉस्पिटल होतं, तिथे 1956 च्या सुमारास कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होता. बाळांना मोकळी हवा आणि ऊन मिळालंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे ऊन चांगलं पडलं की त्या बाळांना घेऊन बाहेर अंगणात जायच्या (आपल्याकडच्या आज्यांना हे कुणी शिकवायला नको). एकदा डॉक्टर राऊंडला आले तर सिस्टरनी एका बाळाचं अंग उघडं करून दाखवलं, सगळं अंग फिकट आणि एकाच जागी पिवळाजर्द त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं सिस्टरनं आयोडीन बियोडीन फासलंय. पण तिथे चादरीचा कोपरा आला होता! जिथे ऊन लागलं तिथला पिवळेपणा गेला, जिथे चादर होती तिथे राहिला. पुढे अशाच एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली तर तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारा पदार्थ, भलतंच कमी भरलं. मग तिथले डॉक्टर क्रेमर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले, 1958 ला लॅन्सेटमध्ये त्यांचा पेपर आला, आणि आज तुमच्या धाकट्यासारखी कितीतरी बाळं डोळ्यांवर पट्टी बांधून त्या लाईटखाली निवांत झोपलेली असतात.

आता आठवून बघा, तो लाईट कोणत्या रंगाचा होता? निळा. लाल नाही. आणि हे काही डॉक्टरांच्या आवडीचं नाही. बिलिरुबिन पिवळं असतं, आणि पिवळी वस्तू निळा उजेड शोषून घेते. तो उजेड शोषला की बिलिरुबिनच्या कणाचा आकार बदलतो आणि जे आधी पाण्यात विरघळत नव्हतं ते विरघळायला लागतं, मग ते पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. एरवी हेच काम लिव्हर करतं, पण बाळाचं लिव्हर पहिल्या काही दिवसांत तेवढं तयार नसतं, म्हणून तोपर्यंत उजेडाची मदत घ्यायची. शिवाय बाळाची कातडी पातळ, बिलिरुबिन कातडीतच साठलेलं, म्हणजे उजेड पोचतो तिथेच माल आहे. बिलिरुबिन लाल उजेड शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तुमच्या धाकट्याला त्या कॉलेज रोडच्या बेडवर झोपवलं असतं तर कावीळ होती तिथेच राहिली असती आणि उगाच जिवावर बेतलं असतं. मोठ्या माणसाला कावीळ झाली तर डॉक्टर त्याला लाईटखाली ठेवत नाहीत, आधी कावीळ कशानं झाली ते शोधतात, हेही लक्षात घ्या.

म्हणजे त्या उदाहरणात काय काय होतं, तर वस्तूचं नाव ठाऊक होतं, ती कोणता उजेड घेते ते ठाऊक होतं, उजेड तिथपर्यंत पोचत होता, आणि दर काही तासांनी रक्त तपासून ती कमी होतेय का हे बघत होते. आता मॅडमना विचारा की माझ्या अंगातलं कोणतं केमिकल काढताय, त्याचं नाव सांगा. नुसतं 'टॉक्सिन' चालणार नाही. मॅन्कोझेब (बुरशीनाशक) आहे का, तांबं आहे का, गंधक आहे का, कीटकनाशक आहे का? आणि आधी किती होतं नि दहा सेशननंतर किती राहिलं, याचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा देणार? डिटॉक्स विकणाऱ्या कुणाकडेही या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही, लाईटवाले असोत नाहीतर ज्यूसवाले.

पोचण्याचं एक घरच्या घरी बघता येतं. रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरा, बोट लालबुंद दिसतं. याचं कारण रक्त निळा-हिरवा उजेड पिऊन टाकतं आणि लाल तेवढा आरपार येतो. आता तोच टॉर्च तळहाताखाली धरा, मंद होतो. दंडाखाली धरा, जवळपास काहीच नाही. सेंटरमधल्या लाईटची ताकद टॉर्चपेक्षा जास्त असते हे मान्य, पण लाल उजेड कातडीत काही मिलिमीटरच जातो, डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड असेल तर अजून थोडा आत. तुमचं लिव्हर आहे उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड, किडन्या पाठीकडे स्नायूंच्या नि चरबीच्या मागे. तिथे त्या बेडचा उजेड पोचेपर्यंत त्यात नाव घेण्यासारखं काही उरत नाही. आणि समजा पोचला, तरी लिव्हरला उजेड मिळाल्यावर ते जास्त विष काढतं असं माणसांवर कुणी दाखवलेलं नाही.

मुळात तुमच्या अंगातून हे काम बाराही महिने चालूच आहे. दीड किलोच्या आसपासचं लिव्हर, त्याच्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. त्यात जे परकं सापडतं त्याची तोडफोड करून, त्याला काहीतरी जोडून ते पाण्यात विरघळेल असं करायचं आणि पुढे ढकलायचं. किडन्या दिवसाला जवळजवळ 180 लिटर पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर. हल्लीची बरीचशी शेती-औषधं याच रस्त्यानं काही दिवसांत लघवीतून जातात. चरबीत वर्षानुवर्षं बसून राहणारी म्हणजे डीडीटीसारखी जुनी मंडळी, त्यांना लाल लाईट हलवू शकत नाही. आणि खरी विषबाधा झाली तर हॉस्पिटलात तिच्यावर नेमका उतारा असतो, शिशाला वेगळा, पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसला वेगळा, काही कीटकनाशकांना ॲट्रोपिन, किडनी बंद पडली तर डायलिसिस. सगळ्या विषांवर मिळून एकच मशीन असं कुठेच नाही, असतं तर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत पहिलं तेच लावलं असतं.

आता ते चॉकलेटी पाणी. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट हीच आहे, कारण माणूस डोळ्यानं बघतो नि फसतो. त्या टबात धातूचे दोन तुकडे असतात, पाण्यात मीठ टाकलेलं असतं, वीज सोडली की लोखंड गंजायला लागतं. चॉकलेटी रंग त्या गंजाचा. मीठ किती, पाणी कुठलं, मशीन किती वेळ चाललं यावर रंग बदलतो, केशरी, हिरवट, काळपट, आणि भिंतीवर चार्ट लावलेला असतो की हा रंग लिव्हरचा, हा सांध्यांचा, हा किडनीचा. फेस पायावरच्या तेलाचा, साबणाचा, आणि त्या विजेनं सुटणाऱ्या बुडबुड्यांचा. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी सांगा, मॅडम एकदा पाय न घालता तेवढाच वेळ मशीन चालवून दाखवा. पाणी तरीही चॉकलेटी होईल. नाही दाखवणार त्या, काहीतरी कारण सांगतील, मशीन तापतं, सेन्सर खराब होतो, असलं काहीतरी, पण तुम्ही विचारून बघाच.

मग लाल लाईट म्हणजे सगळी फसवणूकच का, तर तसंही नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी पण मॅडमसारखीच एकतर्फी झाले. हंगेरीत बुडापेस्टला एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर होते, 1967 च्या सुमारास ते उंदरांवर लाल लेझर मारून बघत होते. लेझर कमी ताकदीचा निघाला, आणि दाढी केल्यासारखी केस काढलेली उंदरांची पाठ होती ना, तिथे केस लवकर उगवले! तिथून हा सगळा विषय सुरू झाला. पेशीत ऊर्जा बनवणारी जी मायटोकॉन्ड्रिया असतात त्यांच्यातलं एक एन्झाईम लाल आणि जवळचा इन्फ्रारेड उजेड शोषतं, त्यामुळे पेशीचं काम थोडं वाढतं, सूज थोडी कमी होते, असं आजचं बरंचसं म्हणणं आहे. कॅन्सरच्या केमोनं किंवा रेडिएशननं तोंडात जे भयंकर फोड येतात ते टाळायला काही पेशंटमध्ये हा लाईट वापरा, असं कॅन्सरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येच आहे. डोक्यावरचे केस विरळ होतात त्यासाठीच्या लेझर कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएनं 2007 ला परवानगी दिली. चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या, पिंपल्स, काही सांधेदुखी, यात थोडाफार फायदा दिसतो, जादू नाही. आणि हे सगळं कुठे, तर उजेड जिथे पोचतो तिथे, कातडी, तोंडाच्या आतलं अस्तर, डोक्याची त्वचा. त्यात पण डोस नेमका लागतो, जास्त दिला तर उलट परिणाम कमी होतो.

सेंटरमध्ये 'एफडीए अप्रूव्ड' अशी पाटी असणार, बहुतेक ठिकाणी असते. ती एफडीए आपली महाराष्ट्राची नाही, अमेरिकेची. आणि असल्या बऱ्याचशा लाईटना मिळालेली ती परवानगी म्हणजे हे मशीन अमुक एका कामासाठी आधीच्या तशाच मशीनएवढं ठीक आहे, इतकंच. सुरकुत्यांसाठी परवानगी घ्यायची आणि डिटॉक्स म्हणून विकायचं असा धंदा आहे. परवानगीचा कागद मागा आणि त्यात कुठल्या कामासाठी लिहिलंय ते वाचून घ्या, इंग्रजी असेल तर फोटो काढून भाच्याला पाठवा.

अजून एक मला राहवत नाही म्हणून. उन्हात लाल उजेड असतोच, आणि सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेतली जवळपास निम्मी इन्फ्रारेड असते. तुम्ही नि तुमच्याकडच्या बायका सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत बागेत. लाल उजेडानं फवारणीचं औषध निघत असतं तर निफाड, दिंडोरीच्या शेतमजूर बायकांएवढं स्वच्छ शरीर जगात कुणाचं नसतं आणि कॉलेज रोडच्या लोकांनी पैसे देऊन तुमच्याकडे थिनिंगला यायला पाहिजे होतं.

पण तुम्हाला बरं वाटलं, ते खोटं का? अजिबात नाही. थंडीचे दिवस, आपल्या निफाडचा पारा किती उतरतो ते तुम्हाला सांगायला नको, त्यात वीस मिनिटं ऊबदार बेडवर झोपायला मिळालं, मोबाईल बाहेर, कुणी हाक मारत नाही, ना चहा मागतं ना मजुरांचा हिशोब, वर कोमट पाण्यात पाय. बाईमाणसाला एवढ्यानं बरं वाटलं नाही तरच नवल. ती विश्रांती तुम्हाला हवीच आहे, फक्त तिचे अठरा हजार होत नाहीत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पत्र वाचून मला लाईटची नाही, तुमच्या धाप लागण्याची काळजी वाटली. थकवा आणि जिना चढताना धाप म्हटलं की माझ्या मनात पहिलं येतं हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता, त्यामुळे तुम्ही वेगळ्या असाल असं गृहीत धरायचं कारण नाही, त्यात पाळी जास्त जात असेल तर विचारायलाच नको. दुसरं थायरॉईड. ते तर कुणाचंही बघायला पाहिजे, पण तुमचं जरा जास्त, कारण डावणीसाठी जे मॅन्कोझेब मारतात, म्हणजे आपण एम-45 म्हणतो ते, त्याच्यापासून अंगात जो पदार्थ तयार होतो तो प्राण्यांवरच्या अभ्यासात थायरॉईडला त्रास देतो असं दिसलंय. युरोपनं 2020 च्या शेवटी मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, एक्स्पोर्ट करत असाल तर मिस्टरांना हे माझ्याहून जास्त ठाऊक असेल. याचा अर्थ तुमचं थायरॉईड बिघडलंच आहे असा नाही, अर्थ एवढाच की टीएसएच करून घ्या. सोबत सीबीसी (हिमोग्लोबिन त्यातच कळतं), शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरची एसजीपीटी, बी-12. आणि धाप आहे म्हणून डॉक्टरला छाती तपासायला सांगा, ईसीजी काढा म्हणाले तर काढा. या सगळ्याला मिळून त्या पॅकेजच्या जवळपासही खर्च येत नाही, आणि सिव्हिलला गेलात तर त्याहून कितीतरी कमी.

पुरळाचं मला वाटतं हे औषधामुळेच असावं, पण आतून नाही, बाहेरून. हातावर आणि मानेवरच येतंय ना, म्हणजे पदराबाहेर, बाहीबाहेर जेवढं उघडं तेवढंच. मॅन्कोझेबची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते, भुरीसाठीचं (हाही बुरशीचाच रोग) गंधकसुद्धा कातडीला नि डोळ्याला झोंबतं, आणि ओल्या पानात हात घालून दिवसभर थिनिंग केलं की काल फवारलेलं सगळं हाताला लागणारच. त्वचारोगतज्ञाला दाखवा आणि जाताना फवारणीची डायरी घेऊन जा, कोणत्या तारखेला काय मारलं ते. डॉक्टर खूश होतील, इतकी नीट माहिती घेऊन येणारा पेशंट त्यांना सहसा मिळत नाही. चेहऱ्यावर वांग असतील तर उष्णतेनं नि तीव्र उजेडानं ते वाढू शकतात, म्हणून तो लाल बेड तुमच्यासाठी त्या कारणानंसुद्धा नको.

मिस्टरांसाठी एक टेस्ट सांगते, कोलिनेस्टरेज. काही कीटकनाशकं, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली, रक्तातलं हे एन्झाईम पाडतात. बुरशीनाशकांचं यात कळत नाही, हे लक्षात ठेवा. माणसामाणसात याचा नॉर्मल आकडा खूप वेगळा असतो, त्यामुळे एकदाच करून फारसा उपयोग नाही, खरी मजा अशी की फवारणीचा सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा करायची आणि जोरात फवारण्या चालू असताना परत, मग किती खाली आलं ते दिसतं. ब्लोअरवर बसणाऱ्या प्रत्येकाची अशी टेस्ट दरवर्षी व्हायला पाहिजे असं मला वाटतं, पण ट्रॅक्टरचं ऑईल वेळेवर बदलणारी माणसं स्वतःच्या बाबतीत चालढकल करतात, काय बोलणार.

आणि विष काढण्यापेक्षा ते अंगात कमी जाईल हे बघणं कितीतरी स्वस्त पडतं. फवारणीत बहुतेक औषध नाकातोंडातून नाही, कातडीतून जातं. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, गॉगल, चांगला मास्क, आणि रुमाल बांधला म्हणजे मास्क झाला असं नाही, ओला झालेला रुमाल तर औषध तोंडाशीच धरून ठेवतो. सगळ्यात जास्त धोका फवारताना नसतो, टाकीत घट्ट औषध ओतताना असतो, तेव्हाच लोक हातमोजे काढतात! घरी आल्यावर आधी साबणानं अंघोळ मग पोरांना जवळ घेणं, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. तुमच्या अंथरुणाला वास येतोय म्हणालात, म्हणजे कपडे बदलण्याआधी कुणीतरी अंथरुणावर टेकतंय. बागेत तंबाखू मळणं बंद, हाताचं औषध सरळ तोंडात जातं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो तो बघत जा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना डॉर्मेक्स लावता, म्हणजे पेस्टिंग करता ना, त्याचं एक वेगळं सांगते, कारण हे मजुरांना कुणी सांगत नाही. त्यातलं हायड्रोजन सायनामाईड अंगात गेलं की दारू पचवणारं लिव्हरचं एन्झाईम अडतं, मग संध्याकाळी कुणी दोन घोट घेतले तरी चेहरा लालभडक, धडधड, घुसमट, बीपी खाली. दारू सोडवायच्या गोळ्या ज्या पद्धतीनं काम करतात तोच हा प्रकार. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारू नाही, हे गड्यांना पगार देतानाच बजावून सांगा.

फवारताना किंवा नंतर कुणाला घाम सुटला, तोंडाला लाळ, पोटात कळा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, श्वास लागला, तर लिंबू सरबत पाजत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा, 108 ला फोन, आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन जा. 2017 ला यवतमाळला कापसावर फवारणी करताना जी माणसं गेली ती सगळ्यांनी पेपरात वाचली आणि विसरून पण गेले.

राहिल्या नणंदबाई. त्यांनी तुमच्यासाठी खिशातून दोन हजार भरले म्हणजे तुमच्यावर जीव आहे, त्यामुळे 'तुम्हाला फसवलं' अशी सुरुवात करू नका, त्यांनी स्वतः तिथे बरेच पैसे घातले असतील, कुणालाच ते ऐकवत नाही. म्हणा की माझ्या धापेसाठी डॉक्टरनं आधी रक्त तपासायला सांगितलंय, तोपर्यंत सेशन नको. मिस्टरांच्या गोळीचं मात्र त्यांना स्पष्ट सांगा, आणि त्यांच्या घरात कुणाची बीपीची, शुगरची गोळी अशीच बंद केलीय का ते विचारा, मला तीच भीती आहे. ॲडव्हान्सची पावती घेतली असेल तर परत मागा, लेखी, व्हॉट्सॲपवर मागितलं तरी चालेल. नाही म्हणाले तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथे तक्रार करता येते, त्यात 'पाण्याचा रंग म्हणजे शरीरातलं केमिकल' आणि 'गोळी बंद ठेवा' हे त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहा. सेंटरच्या पत्रकाचा फोटो असेल तर जोडा. मिस्टर पैसे पाण्यात म्हणाले ते बरोबरच आहे, पण त्यांनाही सांगा की हे पैसे वाचले त्यात आधी धड हातमोजे आणि कार्ट्रिजवाला मास्क आणायचा, आणि कोलिनेस्टरेजला पुढच्या छाटणीच्या आधी तुम्ही स्वतः त्यांना गाडीत बसवून न्या, त्यांच्यावर सोडलंत तर ते जाणार नाहीत.